यादीतला चौदावा

आमच्या गल्लीत माझ्याविषयी जे बोललं जातं, त्यातलं निम्मं गस टॉलेफ्सनने पसरवलेलं आहे आणि उरलेलं निम्मं माझ्या बायकोने. तेव्हा खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवावं असं ठरवलं. हे मी स्वतः दोन बोटांनी टाइप करतो आहे आणि मार्लीसला, म्हणजे बायकोला, दाखवणार नाही. का दाखवणार नाही ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. आमच्या गल्लीत शेवटपर्यंत वाचण्याची पद्धत नाही.

तर, यादी. आमच्या हिकरी बेंडला बेसबॉलचा संघ आहे आणि त्याचं नाव पाणउंदीर आहे. नावावर जाऊ नका, ते ठरलं तेव्हा मी गावाला गेलो होतो. पाणउंदीर स्वतंत्र नाहीत. दूरच्या शहरातला एक मोठा संघ आपली कोवळी पोरं सहा पायऱ्यांवर वाढवतो, त्यातली खालून दुसरी पायरी आम्ही. पोरं येतात. चांगली निघाली की एका दुपारी पिशवी उचलून वरच्या पायरीवर जातात, नाही निघाली की तीच पिशवी घेऊन घरी. शंभरातली पाच-सहा शेवटी वर पोचतात. गावातले लोक मैदानावर येतात ते सॉसेज खायला आणि शुक्रवारची आतषबाजी बघायला. मी येतो अभ्यासाला. तिसरी रांग, बरोबर मधली खुर्ची, एक उशी, एक वही आणि एक स्टॉपवॉच.

या अभ्यासातून यादी निघते. मोठ्या संघाच्या सगळ्या पायऱ्यांवरची आशा ठेवावी अशी तीस पोरं, क्रमाने. चार पानं, वर्षातून तीनदा: मार्च, जुलै आणि नोव्हेंबर. अकरा वर्षं एकही अंक चुकलेला नाही. दोनशे बारा वर्गणीदार आहेत, आणि त्यातला एक पत्ता खुद्द मोठ्या संघाच्या मुख्य कचेरीच्या इमारतीतला आहे. गसचं म्हणणं, त्या इमारतीत खाली केशकर्तनालय आहे, ते मागवत असतील. गस आयुष्यभर धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसला. त्याच्याकडून याहून सूक्ष्म विचाराची अपेक्षा मी करत नाही.

यादी मी हाताने लिहितो आणि मार्लीस टाइप करते. अकरा वर्षं तिने प्रत्येक शब्द टाइप केला आणि एकही वाचला नाही. टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, असं ती सांगते. मीही छापून आल्यावर पुन्हा वाचत नाही, कारण मला ते पाठ असतं. आमचा संसार या दोन सवयींवर सुरळीत चालला होता.

आता पोरं गावात राहतात कुठे, हा प्रश्न. या पायरीवर संघ त्यांना जो पगार देतो त्यात जेमतेम बूट येतात. म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. दर वसंतात चर्चच्या तळघरात बेव्ह हॉफाकर नावाची बाई कॉफी आणि केकच्या साक्षीने खेळाडूंचं वाटप करते. मी आजवर कधी खेळाडू घेतला नव्हता. अभ्यासकाने अभ्यासाच्या विषयापासून चार हात लांब असावं. पण त्या वर्षी प्रेस्टन अल्ड्रिच येणार होता. एकोणीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, माझ्या यादीत पहिला. मला वाटलं, हा पोरगा आपल्या घरात असला तर काय काय टिपता येईल. तो किती झोपतो, सकाळी खांदा कसा फिरवतो, दूध कुठल्या हाताने ओततो. जगातल्या कुठल्याही यादीत नसलेली माहिती. मी मार्लीसला म्हटलं, "आपणही एक खेळाडू ठेवू या."

"ठेवू की," मार्लीस म्हणाली. "मुली मोठ्या होऊन बाहेर पडल्यापासून घर रिकामंच आहे. फक्त माझ्या स्वयंपाकघरात स्टॉपवॉच आणायचं नाही."

बेव्हने चौदा पानी अर्ज दिला. सातव्या पानावर लिहिलं होतं की खेळाडूची खोली तळघरात असल्यास तिला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी आणि तसा काउंटीचा, म्हणजे जिल्हा कचेरीचा, दाखला हवा. आमच्या तळघराला खिडकी होती, पण तिच्यातून मांजरसुद्धा दोनदा विचार करून बाहेर पडायचं. म्हणजे पायाची भिंत कापायची, बाहेर माणूसभर खड्डा खणायचा आणि खिडकी बसवायची. त्यासाठी घराचा नकाशा काउंटीच्या जमीन नोंदणी कचेरीतून साक्षांकित करून आणायचा.

त्या कचेरीत साक्षांकन करणारा कारकून मी आहे. बावीस वर्षं आहे. पण स्वतःच्या कागदावर स्वतः सही करणं मला पटेना, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत काउंटरच्या बाहेरच्या बाजूला जाऊन रांगेत उभा राहिलो. आत माझ्या जागी डार्लीन नावाची मुलगी बसली होती, जिला मीच शिकवलं होतं.

"नमुना नऊ कुठाय?" डार्लीनने विचारलं.

"अगं, मी आहे."

"ते दिसतंय मला. नमुना नऊ लागतो. तुम्हीच काढलात ना तो, लोक कुणाचेही नकाशे घेऊन येतात म्हणून?"

काढला होता मीच. त्याला शेजाऱ्याची सही लागते, आणि शेजारी म्हणजे गस. गसने सही केली, पण अशा अटीवर की खड्डा त्याच्या देखरेखीखाली खणला जाईल. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला खड्ड्यातलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तो म्हणाला, "खड्ड्यात शेवटी वजनच असतं, अर्लन. मातीचं." या वाक्यावर मी आजही विचार करतो आहे.

पहिल्या शनिवारी गसने सांगितलं तिथे फावडं मारलं आणि पाण्याचा मुख्य नळ फुटला. दुसऱ्या शनिवारी गल्लीतले चौघे सल्ला द्यायला घडीच्या खुर्च्या घेऊन आले. तिसऱ्या शनिवारी भिंत कापून झाली आणि खिडकी आणली, तर ती नियमापेक्षा अडीच इंच अरुंद निघाली. दुकानदार म्हणाला, बदलून मिळेल, पण सात आठवडे लागतील. आमच्या घराला एक भोक पडलं होतं आणि त्यावर मी निळी ताडपत्री ठोकली होती. बाहेर खड्ड्यात बेडूक राहायला आले. याच सुमारास बेव्हचा फोन आला.

"अर्लन, तुमचा खेळाडू गुरुवारी येतोय. तळघर झालं नसेल तर तात्पुरता वरच्या खोलीत ठेवा."

"प्रेस्टनला दूध चालतं ना?" मी विचारलं.

"प्रेस्टन? त्याने नदीकाठी मोठा फ्लॅट घेतलाय की. वीस लाख डॉलरचा करार झालेला पोरगा तुमच्या तळघरात कशाला राहील? तुम्हाला डॉयल पेटिग्रू दिलाय. कॅचर आहे. फार गोड मुलगा."

हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. अकरा वर्षं त्या पोरांचे करार पाठ करणाऱ्या माणसाच्या तर नक्कीच. पण त्या क्षणी मला प्रेस्टन हातचा गेल्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती, कारण डॉयल पेटिग्रू हे नाव मी आधीच छापून बसलो होतो. मार्चच्या अंकात शेवटच्या पानावर ‘यादीबाहेरचे’ असं एक सदर असतं. त्यात मी लिहिलं होतं: ‘डॉयल पेटिग्रू, कॅचर, वय चोवीस. हात संथ. स्वभाव चांगला म्हणतात. याच पायरीवर संपेल.’

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. कॅचर उकिडवा बसलेला असतो. समोरच्या संघाचा कुणी चोरून दुसऱ्या बेसकडे धावला, की त्याने चेंडू झेलून, उठून, तिकडे फेकायचा. झेलल्यापासून चेंडू पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर तो माणूस वरच्या पायरीवर जातो. दोनवर आणखी दोन दशांश लागले तर घरी जातो. गेल्या ऑगस्टमध्ये डॉयल दहा दिवस आमच्याकडे खेळला होता आणि दहाही दिवस त्याला दोन पूर्णांक दोन दशांश लागले होते. यात माझा काय दोष?

"हे तू लिहिलंस?" मार्लीसने विचारलं. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदाच यादी वाचली होती.

"तूच टाइप केलंस."

"मी अक्षरं टाइप केली. हे तू लिहिलंस. एका पोराच्या नावापुढे ‘संपेल’ असं लिहिलंस आणि आता तो गुरुवारी माझ्या टेबलावर जेवायला बसणार."

वरची खोली म्हणजे माझी अभ्यासिका. तिथे भिंतीवर तीस कार्डं टाचलेला मोठा फळा आहे आणि खाली खणांत यादीबाहेरच्यांची कार्डं. बुधवारी मी आणि गसने फळा, खण, मागचे सगळे अंक आणि वह्या त्याच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. गस वाटेत म्हणाला, "एवढं उचलण्यापेक्षा एक ओळ खोडली असती तर?" माझ्या कमरेत उसण भरली होती.

गुरुवारी डॉयल आला. दक्षिणेकडल्या आर्कान्सातलं पोरगं, खांदे दरवाजाएवढे, आणि हातात टोपी. मार्लीसला ‘मॅम’ आणि मला ‘मिस्टर अर्लन’. तिकडची पोरं शेतातल्या बुजगावण्यालाही सर म्हणत असतील. मार्लीसने ओव्हनमध्ये भाजून बटाट्याच्या गोळ्यांचं कॅसरोल केलं होतं. त्याने तीनदा वाढून घेतलं आणि नंतर भांडी घासली. मार्लीसच्या दरबारात तिथेच निकाल लागला.

जेवताना त्याने आपली हकिगत सांगितली. कुठल्याच संघाने त्याची निवड केली नव्हती, तो स्वतःच चाचणी देऊन आत आला होता. गावी शार्ला नावाची मुलगी होती, जिच्याशी लग्न ठरलं होतं. आणि त्याच्या जुन्या शाळेने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. सुतारकाम शिकवायचं आणि बेसबॉलचा संघ सांभाळायचा.

"एक ऑगस्टपर्यंत कळवायचंय, मॅम. चांगली जागा आहे. दहा वर्षांत एकदा निघते," डॉयल म्हणाला. "मी स्वतःशी असं ठरवलंय. तोपर्यंत कुणा जाणत्या माणसाच्या यादीत माझं नाव आलं, तर खेळत राहायचं. नाहीतर घरी जायचं."

मार्लीसने माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या वाटाण्यांकडे पाहिलं.

"मिस्टर अर्लनसुद्धा यादी काढतात म्हणे," तो म्हणाला. "बेव्ह मॅम सांगत होत्या."

"छंद आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी यादीला छंद म्हटलं.

पुढचे तीन महिने माझ्या मानहानीचे होते. सकाळी डॉयल उठायच्या आधी मी टपाल काढून घ्यायचो, न जाणो एखाद्या वर्गणीदाराने मार्चचा अंक परत पाठवला असला तर. गॅरेजमध्ये गसच्या गवत कापायच्या यंत्राशेजारी उभा राहून अभ्यास करायचो. डॉयल मात्र गल्लीचा लाडका होत चालला होता. त्याने आमच्या खड्ड्याच्या कडा ताशीव केल्या, नळाचं काम पुन्हा नीट केलं, गसच्या ओसरीची पायरी बदलली. बेडूक एकेक करून बादलीतून ओढ्यापाशी सोडून आला. सामन्याला मार्लीस आता घडीची खुर्ची, टोपी आणि घंटा घेऊन यायची. त्याने चेंडू नुसता झेलला तरी ती घंटा वाजवायची. कॅचरला एका सामन्यात दीडशे चेंडू झेलावे लागतात.

आणि मी रोज स्टॉपवॉच लावत होतो. रोज दोन पूर्णांक दोन.

"तीस जागा आहेत ना तुझ्याकडे?" गस म्हणायचा. "मी एक मागतोय. तुला काय स्वतःच्या खिशातून द्यायचीय?"

"ती जागा कुणाच्या कष्टाची असते, गस."

"माझी पायरी कुणाच्या कष्टाची आहे? त्याचे हात संथ असते तर अजून होत असती का?"

चर्चमध्ये बेव्हने विचारलं. कचेरीत डार्लीनने विचारलं. न्हाव्याने कात्री कानाजवळ असताना विचारलं. जून संपेपर्यंत मला घरी जेवायला फक्त ओट्सची लापशी मिळू लागली. डॉयलसाठी त्याच टेबलावर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे आणि कोवळा मका असायचा. तो बिचारा विचारायचा, "मिस्टर अर्लनचं पोट बरं नाही का?" मार्लीस म्हणायची, "त्याला कडक पदार्थ पचत नाहीत, बाळा. तत्त्वं पचतात."

मी जुलैची यादी लिहिली. डॉयल तिच्यात नव्हता. तीस कार्डांवरून मी तीनदा हात फिरवला, कुणी हलतंय का बघायला, आणि कुणी हललं नाही. ‘यादीबाहेरचे’ सदरातूनही त्याचं नाव मी वगळलं. एवढी सवलत अकरा वर्षांत कुणाला दिली नव्हती. मग कागद मार्लीसच्या हाती दिले. तिने काही न बोलता टाइप केले आणि टपालात टाकले, आणि त्या दिवशी मला मांस मिळालं. मला वाटलं, बाईला शेवटी पटलं.

तीन दिवसांनी गस कुंपणावरून हात पुढे करून उभा. "अर्लन, तुझ्याबद्दल मी जे जे बोललो ते सगळं मागे घेतो. चौदावा म्हणजे फारच केलंस. मी आपला तिसावा धरून चाललो होतो."

मी त्याच्या हातातला अंक घेतला. चौदा: डॉयल पेटिग्रू, कॅचर. ‘मेहनती. नम्र. हात सुधारत आहेत. भांडी घासतो.’

"चौदाच का?" मी स्वयंपाकघरात जाऊन मार्लीसला विचारलं. इतकं सगळं विचारण्यासारखं असताना मी नेमकं हेच विचारलं.

"तेरा अशुभ असतो," मार्लीस म्हणाली. "आणि पंधरावर घालावं इतका काही वाईट नाहीये तो."

"मी खुलासा छापणार."

"छाप. ‘माझी यादी माझी बायको करते’ असं छाप. मी टाइप करून देते."

मी खुलासा छापला नाही. बायकोला घाबरलो असं गस सांगतो, ते अर्धवट खरं आहे. उरलेलं जास्त वाईट आहे, आणि ते मी इथे कबूल करतो. पत्रं यायला लागली होती. अकरा वर्षांत मला एकूण नऊ पत्रं आली होती, त्यातली चार पत्ता बदलल्याची. आता आठवड्यात चौदा आली. ‘धाडसी अंदाज.’ ‘इतर कुणाला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं.’ गावातल्या साप्ताहिकाने चौकट छापली आणि मला ‘ज्येष्ठ विश्लेषक’ म्हटलं. फक्त यादीतून ढकलल्या गेलेल्या तिसाव्या पोराच्या आईने नेब्रास्काहून फोन केला आणि वीस मिनिटं रडली. तिच्यापुढे मी शास्त्र बोललो. ती चौकट मी कापून पाकिटात ठेवली, हे सांगायला मला लाज वाटते, पण ठेवली.

डॉयल माझ्याशी त्याबद्दल काही बोलला नाही. फक्त एका सकाळी माझे बूट पॉलिश केलेले दिसले.

तीस जुलैला काउंटीचा तपासनीस खिडकी बघायला आला. नवी खिडकी डॉयलनेच बसवली होती, पाण्याचा थेंब आत येणार नाही अशी. मार्लीस चर्चच्या विक्रीला गेली होती. तपासनीसाने मापं घेतली, मान हलवली आणि म्हणाला, "आता घरमालकाने कुणाची मदत न घेता बाहेर पडून दाखवायचं."

"मीच?"

"घरातला सगळ्यात रुंद प्रौढ माणूस, असं नियमात आहे."

डॉयल माझ्याहून रुंद आहे, पण वर. मी खुर्चीवर चढलो, डोकं बाहेर काढलं, हात बाहेर काढले, आणि मग मार्लीसच्या चार आठवड्यांच्या मांसाहाराने मला चौकटीत धरून ठेवलं. पुढेही जाईना, मागेही येईना. अर्धा मी खड्ड्यात, अर्धा तळघरात, नाकासमोर खडी. तपासनीसाने वही उलटसुलट चाळली. "या प्रसंगाला वेगळा नमुना आहे, गाडीत असेल," असं म्हणून तो गेला तो गेलाच. खड्ड्याच्या काठावरून देखरेख करणारा गस म्हणाला, "चरबीचा डबा आणतो," आणि तोही गेला.

डॉयल खड्ड्यात उतरून माझ्यासमोर मांडी घालून बसला. दुसरा कुणी असता तर हसला असता.

"श्वास घेता येतोय ना, मिस्टर अर्लन?"

"येतोय."

"मग जरा बोलू का? नाहीतरी तुम्ही घरात एका जागी सापडत नाही." तो खडीतला एक दगड उचलून हातात फिरवू लागला. "दुपारी शाळेत फोन करतोय. जागा दुसऱ्याला द्या म्हणून सांगतो. शार्लाशी बोललो. ती म्हणाली, तुझा विश्वास असेल तर थांबते मी."

मी खडीकडे बघत राहिलो.

"माझी आई म्हणते, तू वर जाणार. शार्ला म्हणते. मॅम तर घंटाच वाजवतात. पण ती माझी माणसं आहेत, ती म्हणणारच. तुम्ही तसे नाही. चार महिने तुमच्या घरात जेवतोय, तुम्ही एकदासुद्धा म्हणाला नाहीत की डॉयल, छान खेळलास. नुसतं घड्याळ बघता. म्हणून चौदा आकडा वाचला तेव्हा मी..." तो पुन्हा दगड फिरवू लागला.

माझं म्हणणं कुणीतरी मनापासून खरं मानावं, यासाठी मी अकरा वर्षं थंडी-उन्हात बसलो होतो. आता एकाने मानलं, तर मला कुठेतरी लपावंसं वाटलं, आणि मी भिंतीत अडकलो होतो. खोटं बोलायलाही थोडा रुबाब लागतो. अर्धा पायाच्या भिंतीत असताना तो राहत नाही.

"डॉयल," मी म्हटलं, "चौदा मी लिहिलं नाही."

"म्हणजे?"

"टाइप करताना घातलं गेलं."

"मॅमने?"

"हो. आणि मी ते सुधारलं नाही. लोक वाहवा करत होते म्हणून. ती चूक तिची नाही, माझी."

"तुमच्या यादीत मी कितवा होतो?"

"नव्हतास."

"तिसातही नाही?"

"नाही. मार्चमध्ये लिहिलं होतं, याच पायरीवर संपेल म्हणून. हात संथ. दोन पूर्णांक दोन."

डॉयलने दगड खाली ठेवला. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि मला जन्मभर इथेच ठेवील. मला तेही चाललं असतं.

"आमच्या कोचच्या घड्याळात दोन पूर्णांक तीन येतं," तो म्हणाला. "एक दशांश तुम्ही सोडून दिलात."

"माझा अंगठा म्हातारा आहे."

"मला माहीत होतं, मिस्टर अर्लन. आपल्या हाताचं आपल्याला कळतंच. फक्त कुणीतरी जाणत्याने म्हणावं, की नाही बाबा, तुझंच चुकतंय."

"मलाही तेच म्हणायचं होतं," मी म्हटलं. "रोज घड्याळ लावायचो ते त्यासाठीच. एकदा तरी चुकेल म्हणून." आणि मला रडू आलं. खड्ड्यात डोकं खाली असताना अश्रू कपाळाकडे जातात, हे त्या दिवशी कळलं.

त्याने आपल्या टोपीने माझं कपाळ पुसलं. टोपीवरच्या उंदराने पुसलं म्हणा. मग म्हणाला, "एक कराल? मला कळलंय हे मॅमना सांगू नका. त्यांनी ते माझ्यासाठी केलं. मला ते खरं वाटलं, असंच त्यांच्या मनात राहू दे."

मी शब्द दिला. एवढ्यात गस डबा घेऊन आला. चरबी चोपडून दोघांनी मला ओढून काढलं, आणि शर्ट चौकटीतच राहिला. तपासनीसाने नमुना सापडल्यावर त्यावर लिहिलं: खिडकी नियमानुसार, अर्जदार नियमाबाहेर. दाखला मिळाला.

दुपारी डॉयलने शाळेत फोन करून होकार कळवला. मार्लीसला त्याने सांगितलं की शार्ला वाट बघून कंटाळली आहे. मार्लीसला ते मुळीच पटलं नाही.

"चौदाव्या नंबरचा मुलगा असा सोडून जातो होय?" ती रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मला म्हणाली. "हाय खाल्ली त्याने. तुझा मार्चचा अंक कुणीतरी दाखवलाय त्याला. आधीच ते घाणेरडं वाक्य लिहिलं नसतंस, तर जुलैतलं त्याच्या अंगी लागलं असतं."

मी लापशी ढवळत राहिलो. लापशी पुन्हा सुरू झाली होती.

शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा सगळी गल्ली आमच्या दारात होती. बेव्हने केक आणला, डार्लीनने शार्लासाठी पडदे. मार्लीसने कणसांचं खोकं जुन्या पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. गस सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळला.

"एक जागा मागितली होती मी तुझ्याकडे एप्रिलपासून," तो म्हणाला. "वेळेवर दिली असतीस तर पोरगं खचलं नसतं. तुझ्या त्या घड्याळाने घालवलं याला."

बेव्हने मान डोलावली, डार्लीननेही. म्हणजे सगळ्यांना तेच म्हणायचं होतं. डॉयल गाडीचं दार धरून उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला.

"तसं नाही, मिस्टर गस," तो म्हणाला. "मिस्टर अर्लननी मला..."

"गसचं बरोबर आहे," मी मोठ्याने म्हटलं. "मार्चमध्ये मी लिहिलं ते चुकीचं होतं. माझा अंदाज चुकला. पोरात दम होता, मला दिसला नाही."

डॉयल माझ्याकडे बघत राहिला. मग गाडीला वळसा घालून आला, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि जाऊन गाडीत बसला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मार्लीस हात हलवत होती.

"हेच मार्चमध्ये म्हणाला असतास," ती डोळे पुसत म्हणाली, "तर पोरगा आज इथे असता."

मी हो म्हटलं.